एकवीसशे रुपयांची पपई

मी एकवीसशे रुपयांची पपई विकत घेतली. चार दिवस झाले, ओट्यावर गव्हाच्या डब्याला टेकून बसली आहे. अजून हिरवीगार, दगडासारखी. पिकायचं नाव काढत नाही.

किंमत वाचून कुणाला घेरी यायच्या आत खुलासा करते. आमच्या नगरला (कागदावर आता अहिल्यानगर झालंय, तोंडात नगरच बसलंय) चर्चच्या मंडळीत दरवर्षी हंगामाचा सण असतो. ज्याचं शेत आहे तो शेतातलं आणतो, ज्याचं परस आहे तो परसातलं, आणि आमच्यासारखे फ्लॅटवाले सकाळी सकाळी बाजारातून पिशवी भरून आणतात. बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, कांदे, डांगर, सीताफळं, ट्रेभर अंडी आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी पाळकसाहेब 'आपण प्रार्थना करू या' म्हणाले की ओरडते. सगळं वेदीपुढे मांडतात. उपासना संपली की पटांगणात मांडव, चहा आणि लिलाव. पैसे मंडळीच्या फंडात जातात. लहानपणी गावी हाच सण होता. तेव्हा चार आण्यांचं लिंबू रुपयाला गेलं की टाळ्या पडायच्या. आता माइक आलाय, बोली पुकारणारे कमिटीचे भाऊ आलेत आणि समोर मोबाइल धरून शूटिंग करणारी पोरं आलीत.

पपई निघाली तेव्हा बोली शंभरापासून सुरू झाली. मला पपई नकोच होती. मला शुगर आहे. पण माझ्या पुढच्या रांगेत ज्या बाई बसतात त्यांनी पाचशे म्हटलं, आणि म्हणताना मागे वळून पाहिलं. बस्स. मी सहाशे म्हटलं. त्या आठशे. मी हजार. माइकवाले भाऊ रंगात आले. 'सिस्टरांकडून हजार! प्रभूसाठी आहे बरं का, सिस्टर, हात आखडायचा नाही!' लोक हसले. मला ते हसणं आवडलं. पंधराशेला त्या बाई जरा थांबल्या, मग सतराशे म्हणाल्या. मी सरळ एकवीसशेवर उडी मारली. टाळ्या. पोरांनी माझा पपईसकट फोटो काढला. संध्याकाळी तो ग्रुपवर आला, खाली सत्तावीस जणांचं 'आमेन'. मी मोजले.

सोमवारी सकाळी धुण्याभांड्याच्या मावशी आल्या. ओट्यावर बघून म्हणाल्या, "शिस्टर, पपई कुठली?"

"चर्चमधली."

"देवाची व्हय," असं म्हणून त्यांनी पपईच्या खालून फडकं फिरवलं आणि पपई परत होती तशी ठेवली, हळूच, जणू खरंच देवाची आहे.

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही. भांडी घासून झाली, त्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या, काहीतरी बोलतील असं वाटलं, आणि न बोलताच गेल्या. दार लावताना आठवलं. आठ दिवसांपूर्वी त्या म्हणाल्या होत्या, "शिस्टर, दीड हजार पायजे व्हते. पोरीच्या बारावीच्या फॉर्मचं अन् कालेजाची फी ऱ्हायलीय. पगारातनं वळते करा." आणि मी म्हणाले होते, "पेन्शन एक तारखेला होते हो मावशी, मग बघू." खोटं नव्हतं ते. पेन्शन एक तारखेलाच होते. पण रविवारी ज्या पर्समधून एकवीसशे निघाले ती पर्स त्या दिवशीही हीच होती, आणि पैसेही तेच होते.

ही गोष्ट इथे लिहायला मला फार जड जातंय. कारण वाचणारे निम्मे लोक मला चर्चमध्ये भेटतात.

*

मी चौतीस वर्षं नर्स होते. ट्रेनिंगला १९८२ साली गेले, नगरपासून एसटीने रात्रभराच्या अंतरावर एका मिशन दवाखान्यात. वडील नेवासे तालुक्यात मिशनच्या शाळेवर मास्तर. आमच्याकडे मास्तर म्हणजे निम्मा पाळकच. आठवडाभर पाढे शिकवायचे आणि रविवारी उपदेश करायचा. वडिलांची जेवणाआधीची प्रार्थना प्रसिद्ध होती. ती आमच्या ताटापासून सुरू व्हायची, मग गावातले आजारी, मग तालुक्यातला पाऊस, मग अमेरिकेतले मिशनरी, मग चीनमधले छळले जाणारे बंधू. चीनपर्यंत पोचेस्तोवर भाकरी निवालेली असायची. आई एक डोळा उघडा ठेवून कालवणावर झाकण ठेवायची. प्रार्थना कशी करायची हे मी तिथे शिकले: आवाज भरदार, शब्द शुद्ध, आणि शेवटी 'येशूच्या नावाने मागतो' म्हणताना किंचित कंप.

ही पुंजी घेऊन मी वॉर्डात गेले. पहिल्याच वर्षी, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, थंडीचे दिवस. कोपऱ्यातल्या कॉटवर एक म्हातारबाबा होते, सीमेकडचे, निम्मं कानडी बोलणारे. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला ट्रॅक्शन, हलता येत नव्हतं. संध्याकाळी सगळ्या कॉटपाशी जाऊन प्रार्थना करायची मी स्वतःच सवय लावून घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या कॉटपाशी उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. बाबा मध्येच म्हणाले, "बाई." मी आवाज जरा वाढवला. "बाई... ए बाई..." मला वाटलं, हृदयाला भिडतंय. त्यांचा आवाज कापत होता. मी चीनपर्यंत गेले नाही, पण जिल्ह्यापर्यंत नक्की गेले. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि गादीवरून खाली थेंब पडत होते.

ते मघापासून भांडं मागत होते.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. मराठी बोलायच्या, पण त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा पत्ता नसायचा. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्क्रीन ओढला, मॅकिंटॉश (गादीवरचं रबरी कापड) आणि त्यावरची ड्रॉशीट काढायला लावली, बाबांना पुसून काढलं, पाठीला स्पिरिट-पावडर लावून दिली, आणि हे सगळं होईस्तोवर त्यांच्याशी कानडीत हळूहळू काहीतरी बोलत राहिल्या. कुठून शिकल्या होत्या देव जाणे. मग मला स्लुइस रूममध्ये, म्हणजे भांडी धुवायच्या खोलीत, घेऊन गेल्या. फळीवर स्टीलची भांडी पालथी घातलेली. एक घेतलं, माझ्या हाताला लावलं. बर्फासारखं गार.

"तू बसेल यावर?"

मी मान हलवली.

मग त्यांनी दाखवलं. भांड्यात आधी कढत पाणी ओतायचं, फिरवायचं, टाकून द्यायचं. कोरडं पुसायचं, ओलं राहिलं तर कातडी चिकटते. कडेला चिमूटभर पावडर. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, बाळाच्या दुधासारखं. स्क्रीन आधी, भांडं नंतर. उलटं केलं तर माणूस उघडा पडतो. ज्याला कमरेने उचलता येत नाही त्याच्या खाली बाजूने हात घालायचा आणि ज्या क्षणी तो श्वास सोडतो त्या क्षणी सरकवायचं. आणि मग निघून जायचं, पण लांब नाही. बोलावलं तर ऐकू येईल इतकं लांब.

"आधी पॅन," त्या म्हणाल्या, "मग प्रेअर. आणि खूप वेळा पॅन नंतर प्रेअरची गरज नाय राहत."

त्या स्वतः किती प्रार्थना करायच्या मला माहीत नाही. सकाळच्या चॅपेलला मागच्या बाकावर बसायच्या आणि बऱ्याचदा पेंगायच्या. त्यांची नाइट झालेली असायची.

*

मी सुधारले, असं म्हणायला मला आवडलं असतं. भांडं गरम करायला शिकले एवढं खरं. बाकी वडिलांचा कंप तसाच राहिला.

उदाहरणार्थ उपवासकाळ. ईस्टरआधीचे चाळीस दिवस मी चहा सोडते. गेली अनेक वर्षं. आता मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने साफ सांगितलंय की उपास करताना तोंडं उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका. मी तोंड धुते. पण कुणाच्या घरी गेलं की कपाला हात न लावता म्हणते, "मला नको, लेंट आहे ना." आणि 'लेंट' असं म्हणते की समोरच्याच्या हातातला कप त्याला जड व्हावा. त्याच अध्यायात दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं आहे. मी एकदा एका मुलीची नर्सिंगची वर्षभराची फी भरली. डाव्या हाताला अजिबात कळू दिलं नाही. वहिनीला सांगितलं. आणि एका मैत्रिणीला. दोघींनाही बजावलं की कुणाला सांगू नका.

आमच्या चर्चमध्ये सोळा पंखे आहेत. प्रत्येकाच्या पात्यांवर लाल रंगात लिहिलंय, अमुकच्या स्मरणार्थ तमुककडून सप्रेम भेट. पंखा फिरत असताना काही वाचता येत नाही, नुसतं लालसर वर्तुळ दिसतं. लाइट गेली की पंखे मंदावतात आणि एकेक नाव उघडं पडतं. उन्हाळ्यात, दुपारच्या सभेत, घामाने निथळत असताना दाते कोण ते कळतं. एक पंखा आमच्या ह्यांच्या नावाचा आहे. तो नेमका मी बसते त्या बाकावर आहे, आणि तो तिथे यावा म्हणून मी इलेक्ट्रिशियनला चहापाणी दिलं होतं.

हल्ली चर्चला नावं ठेवायची फॅशन आहे, तेव्हा तो सूर नको. बाहेरचं सगळं खोटं असतं असं मी कधीच म्हणणार नाही. हे गेले ते २०१४ साल. त्यानंतर जवळपास सहा महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. देवाशी बोलणं सोडा, त्याचा राग येत होता. पण रविवारी घंटा झाली की पाय निघायचे. बाकावर उभं राहायचं, प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायची, नुसते ओठ. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' आत काही नव्हतं, ओठांवर होतं. शेजारच्या बाईच्या आवाजावर माझा आवाज टेकवून ठेवलेला. तेरा दिवस नाही, चांगला महिनाभर घरी डबा येत होता, वाराप्रमाणे कुणाची पाळी हे मंडळीच्या बायकांनी वहीत लिहून ठेवलेलं. म्हणजे ज्याला आपण बाहेरचं, रूढीचं, उपचाराचं म्हणतो, त्याने मला तेव्हा धरून ठेवलं. आत जे काही परत आलं ते त्याच वाटेने आलं. त्यामुळे 'मी मनातून ख्रिस्ती आहे, मला चर्चची गरज नाही' असं म्हणणारी तरुण पोरं भेटली की मी गप्प बसते, पण पटत नाही. यांना डबा कोण देणार?

माझं भांडण उपचाराशी नाही. भांडण याच्याशी आहे की बाई भांडं मागतेय आणि आपण डोळे मिटून उभ्या आहोत.

हे दुखणं आमच्यात आजचं नाही. आमच्या नगरच्या मातीत अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. म्हणजे उपासना, भजनं, कीर्तनं, शाळा, दवाखाने, सगळ्याला दोनशे वर्षं होत आली. एवढ्या काळात कुठल्याही गोष्टीवर पुटं चढतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढची बावीस वर्षं त्यांनी मिशनचं काम केलं, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ज्याला ख्रिस्ताच्या मागे जायचंय तो कुणीही तिथे आत. तेव्हाच्या मंडळींना हे किती खुपलं असेल याची मला कल्पना येते, कारण आजच्या कमिटीसमोर कुणी असा ठराव मांडला तर काय होईल ते मला ठाऊक आहे. ठराव पुढच्या मीटिंगवर जाईल.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचं मुक्ती मिशन, अनाथ-निराधार बायका-मुलींचा आश्रम, केडगावचं. ते केडगाव म्हणजे आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण त्यांनीच नंतर आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे काही वर्षं जावी लागली. एवढी संस्कृत कोळून प्यालेली बाई, जगभर नाव झालेली, आणि हे लिहायला कचरली नाही. मग १८९६-९७ च्या दुष्काळात ती बाई मध्य प्रांतात गेली आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आली. शेकड्यांनी. त्यांच्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या असतील, जुलाब कुणी धुतले असतील, हे मी नर्स म्हणून विचार करते. इतिहासात ते येत नाही. पण मुक्ती मिशन म्हणजे आधी तेच असणार.

एक गोष्ट घाईघाईत सांगून टाकते, कारण रेंगाळले तर फार लांबेल. मंडळीत आम्ही सगळे भाऊ आणि बहिणी. एका ताटातली भाकर मोडतो, प्रभुभोजनाला शेजारी शेजारी गुडघे टेकतो. पण स्थळ आलं की पहिला प्रश्न, दबक्या आवाजात: "मूळचे कोण ते?" पाच पिढ्या झाल्या तरी मूळ सुटत नाही. माझ्या पुतणीच्या वेळी हा प्रश्न आमच्याच घरातून गेला. मी खोलीत होते. मी काही बोलले नाही.

*

आता २०२१ चा एप्रिल. दुसरी लाट. माझी निवृत्ती एका महिन्यावर आलेली, आणि ड्यूटी कोविड वॉर्डात. त्या वर्षी ईस्टर चार तारखेला होता. सकाळची उपासना मोबाइलवर होती आणि मी तेव्हा किटमध्ये होते, त्यामुळे तीही नाही.

ज्यांनी ते किट घातलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पाय ते डोकं पांढरं प्लास्टिक, वर मास्क, चष्म्यावर वाफ. गळ्यातला क्रूस काढून लॉकरमध्ये ठेवायचा. आम्ही सगळ्या सारख्या दिसायचो म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचो, तेही घामाने पुसट व्हायचं. सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. पेशंटला आमचा चेहरा दिसत नव्हता. म्हणजे मी हसून बघते की नाही, कपाळावर टिकली आहे की नाही, कोण, कुठली, काही नाही. नुसता आवाज आणि हातमोज्यातले हात.

सातव्या बेडवर एक आजी होत्या. माळकरी. माळ काढायला तयार नव्हत्या, तर आम्ही ती मास्कच्या पट्टीखालून वळवून दिली. ऑक्सिजनवर होत्या, पालथं झोपवलं की बरं वाटायचं. आदल्या वर्षी वारी निघाली नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. आपण आजारी आहोत यापेक्षा वारी चुकली याचं दुःख जास्त. एकदा मला म्हणाल्या, "तू कुठली गं?"

"नेवाशाकडची."

"आगं मंग माउलीच्या गावची तू!" नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर सांगितलं, तो खांब अजून आहे, आम्ही शाळेच्या सहलीला जायचो. तेव्हापासून मला त्या माउलीच म्हणायच्या. वारकरी सगळ्यांनाच म्हणतात, पण त्या वॉर्डात ते ऐकून बरं वाटायचं. एका रात्री त्यांना फार धाप लागली. झोप नाही. म्हणाल्या, "एखादा अभंग म्हण गं माउली." मला येतो. नेवासे तालुक्यात वाढलेल्या कुणाला येत नाही? शाळेत रोज म्हणायचो. मास्कमधून, श्वास तुटत, म्हटला. दोन ओळी चुकल्या, त्यांनी बोटाने खूण करून थांबवलं, स्वतः ओठ हलवून बरोबर शब्द सांगितले. मग त्यांचं डायपर भरलं होतं ते बदललं. गरम पाण्यात फडकं पिळून, आधी मनगटाला लावून.

मी त्यांना येशूबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलायचं टाळलंही नाही. ते आलंच नाही मध्ये. किंवा मध्येच होतं सगळं, मला नीट सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात माझी पाळी बदलली. परत आले तेव्हा सातव्या बेडवर एक तरुण मुलगा होता. आजींचं काय झालं ते रजिस्टरमध्ये पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही. अजूनही धीर होत नाही.

निवृत्तीनंतर घरसभेत मला अनुभव सांगायला लावला. मी आजींचं सांगितलं. थोडा वेळ शांतता, मग एका भावाने अगदी प्रेमाने विचारलं, "सिस्टर, मग तुम्ही त्यांना साक्ष दिली का?"

मी म्हणाले, "डायपर बदललं."

कुणीतरी खोकलं. मग चहा आला.

त्या भावाला मी वाईट म्हणत नाही. तो खरंच विचारत होता. आणि मलाही तेव्हा आपल्या उत्तराचा जरा गर्वच झाला, घरी येईपर्यंत पुरला. लूकाच्या सुवार्तेत तो परुशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात ना, परुशी म्हणतो, देवा, मी या जकातदारासारखा नाही हे तुझे उपकार. मी आयुष्यभर ही गोष्ट ऐकून मनात म्हणत आले, देवा, मी त्या परुश्यासारखी नाही हे तुझे उपकार.

*

तर पपई.

मंगळवारी मी पाकीट तयार ठेवलं. दीड हजार, आणि वरचे पाचशे. पाकीट मुद्दाम साधं, चर्चचं छापील नाही. मावशी आल्यावर पुढे केलं. त्या पाकिटाकडे बघत म्हणाल्या, "फॉर्म भरला शिस्टर. शनवारी शेवटची तारीख व्हती."

"पैसे?"

"गल्लीतल्या एकीकडून घेतले. शेकडा पाचानं."

म्हणजे महिन्याला पंच्याहत्तर रुपये व्याज, माझ्या एक तारखेपायी. मी म्हणाले, हे घ्या, तिचे आजच फेडून टाका. त्या म्हणाल्या, "पगारातनं वळते कराल ना?" मी म्हणाले, नाही करणार. त्यांना ते आवडलं नाही. चेहऱ्यावर दिसलं. मागितले तेव्हा उसने मागितले होते, भीक नव्हती मागितली. शेवटी असं ठरलं की दरमहा तीनशे कापायचे, पाच महिने. वरचे पाचशे त्यांनी मोजून ओट्यावर परत ठेवले, पपईला टेकवून. आणि भांडी घासायला बसल्या. मी तिथेच उभी. काय बोलावं सुचेना. एवढं मोठं पाकीट घेऊन आलेली मी, आणि हातात काहीच उरलं नाही.

आज सकाळी पपई दाबून पाहिली. तशीच. मावशी म्हणाल्या, "ती नाय पिकायची आता, कवळी तोडलीय. भाजी करा." त्यांनीच विळी घेतली. चीक हाताला लागू नये म्हणून आधी तेल लावलं, साल काढली, किसली, मिठाच्या पाण्यात टाकून पिळली. मी मोहरी-हिरवी मिरचीची फोडणी केली, वरून दाण्याचं कूट. दोघी स्वयंपाकघरातच बसून जेवलो, बाजरीच्या भाकरीबरोबर. मी प्रार्थना केली, एका वाक्याची. मावशींनी हात जोडून डोळे मिटले, माझ्याआधी उघडले.

भाजी बरी झाली होती. मावशींनी दुसऱ्यांदा घेतली. मग भाकरीचा तुकडा वाटीत फिरवता फिरवता म्हणाल्या, "केवढ्याला दिली चर्चवाल्यांनी?"

"चाळीसला," मी म्हणाले.

"महाग दिली," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत वीसला देत्यात."